मास्तरांच्या मोज्याची कळी

मास्तर बसत नसत. जेवायला बसत, झोपण्याआधी खाटेच्या कडेवर घटकाभर बसत, पण दुकानात बसलेले मास्तर कुणी पाहिले नव्हते. कापायचं टेबल त्यांनी स्वतःच्या उंचीला बेतून करून घेतलं होतं. टेबलाच्या ज्या कडेला ते उभे राहत, तिथल्या फरशीचा रंग दोन पावलांपुरता उडाला होता. बायको म्हणायची, "एवढी वर्षं चौकात उभे राहिले असते ना, तर पुतळा समजून डोक्यावर कबुतरं बसली असती."

ही बायको दुकानाच्या मागच्या खिडकीशी बसून काजं-बटणं आणि हातशिलाई करायची. लेक आणि जावई मशीन चालवायचे. गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही लेकीचंच, कारण मास्तर गिऱ्हाइकांशी बोलले की गिऱ्हाईक कमी व्हायचं. आणि कात्री मास्तरांची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जावयानं एकदा त्या कात्रीनं कागद कापला होता. ती गोष्ट लग्नाआधीची असती तर लग्नच झालं नसतं, असं मास्तर अजून म्हणत.

दुकानात शिरताच समोर एक पाटी दिसे. मास्तरांनी ती स्वतः रंगवून टांगली होती: 'बाहेर हात लावलेल्या कपड्याची तक्रार ऐकली जाणार नाही.' त्यामागे एका कोटाची गोष्ट होती. एका जाडजूड गृहस्थानं मास्तरांनी शिवलेला कोट कुठल्यातरी गल्लीतून ढिला करून आणला आणि वर "बसतच नाही हो नीट" म्हणून यांच्यावरच आवाज चढवला. मास्तरांनी कोट उलटा केला, उजेडात धरला, शिवणीतला परका दोरा शोधला आणि मेलेला उंदीर धरावा तसा कोट दोन बोटांत धरून परत केला.

"दुसऱ्यानं बिघडवायचं आणि बोल मी ऐकायचे?" त्यानंतर कितीतरी दिवस ते हेच म्हणत होते. "कुणाच्या कामाला हात लावायचा तर आधी त्याला विचारावं. एवढी तरी लाज असावी माणसाला!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मास्तरांच्या ते लक्षात राहिलं नाही.

आता पायांचं. मास्तरांची पॅन्ट गेली काही वर्षं खाली खाली रुंद होत चालली होती. गिऱ्हाइकांना वाटलं, जुनी फॅशन परत आली. दोघा-तिघांनी तशी शिवूनही घेतली. खरी गोष्ट फुटली ती नळामुळे. दुकानातला नळ एका दुपारी फुटला, कापडाचे तागे भिजायला लागले, आणि मास्तर भान विसरून पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले.

लेक बादली घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, हे काय आहे?"

"पाणी."

"पाणी नाही. हे."

"पाय."

"हा पाय आहे? हा नकाशा आहे, बाबा! नद्या दिसतायत यात!"

खरंच दिसत होत्या. गुडघ्याच्या आतल्या अंगानं निघालेली एक हिरवीनिळी, सुतळीएवढी जाड शीर पोटरीवर वळणं घेत, गाठी मारत घोट्यापर्यंत उतरली होती. घोट्याजवळची कातडी तर चहा सांडून वाळल्यासारखी तपकिरी झाली होती.

"आई, तुला माहीत होतं?"

बायको खिडकीशी दातांत दोरा धरून म्हणाली, "मला काय माहीत असणार? तुझे बाबा झोपतातसुद्धा पॅन्ट घालून. मला वाटलं, चोर आले तर पाठलाग करायला बरं म्हणून."

दुसऱ्याच दिवशी लेकीनं त्यांना दवाखान्यात उभं केलं. डॉक्टर तरुण होती. तिनं पायावर गार मलम लावून सोनोग्राफीच्या मशीनची दांडी फिरवली आणि पडद्यावर बघत म्हणाली, "काका, शिरांमध्ये झडपा असतात. रक्त वर चढलं की ते परत खाली येऊ नये म्हणून. तुमच्या या शिरेतल्या झडपा काम करत नाहीत. रक्त खालीच साचतंय. घोट्याची कातडी काळवंडलीय ती त्यामुळेच. असंच चाललं तर तिथं जखम होईल, आणि ती जखम लवकर भरत नाही. मग तुमचं ते टेबल कायमचं सुटेल."

"ऑपरेशन?"

"नको. इंजेक्शन. औषधाचा फेस करून शिरेत सोडायचा, शीर आतून चिकटते, बंद होते, हळूहळू विरून जाते. रक्त बाजूच्या चांगल्या शिरांतून जायला लागतं. पण सोबत घट्ट मोजा घालायचा आणि रोज चालायचं. एका जागी उभं राहणं बंद. मी सांगेपर्यंत."

घरी परतताना लेकीनं निकाल दिला. "टेबल तोवर ह्यांच्याकडे," म्हणजे जावयाकडे. "आणि बाबा, आत्ताच सांगते. डॉक्टरांची एक जरी सूचना मोडलीत, तर टेबल कायमचं ह्यांचं. मग मी काही ऐकून घेणार नाही."

लेक बोलते ते करते, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. तो गुण तिला कुणाकडून आला याबद्दल घरात दोन मतं नव्हती.

मोजा दवाखान्याच्याच खालच्या दुकानातून घ्यायचा होता. मोजेवाले म्हणजे किडकिडीत, जाड चष्म्याचे, गळ्यात टेप अडकवलेले गृहस्थ. ते मास्तरांच्या पायाशी गुडघ्यावर बसले. घोटा, पोटरी, गुडघ्याखाली, मांडी. सावकाश. पुन्हा एकदा पहिल्यापासून. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेल्या मास्तरांचं माप आज दुसरा माणूस घेत होता, आणि त्यांना अंगावरचे कपडे कुणी मागून घेतल्यासारखं वाटत होतं.

"टेप ढिला धरलाय तुम्ही," मास्तर वरून म्हणाले.

"टेप आवळायचा नाही, सोडायचाही नाही," मोजेवाले खालूनच म्हणाले. "नुसता टेकवायचा."

हेच वाक्य मास्तर जावयाला रोज ऐकवत.

इंजेक्शनच्या दिवशी खरी गंमत झाली. टेबलावर पालथं झोपवलं, पाय जरा वर केला, सिस्टरनं ट्रेवरचं कापड काढलं, आणि मास्तरांच्या कपाळावर घाम आला.

"काका, तुमच्या घरात तर सुयाच सुया असतील!" डॉक्टर म्हणाली.

"सुया तिच्या. माझी कात्री," मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले. "ती बाहेर बसलीय. तिला टोचा हवं तर."

डॉक्टर हसली आणि त्यांचं मन रमवावं म्हणून काम करता करता बोलत राहिली. शीर कशी मिटते, मोजा कसा घालायचा, तो मुद्दामच घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जाताना हलका का असतो, तसा दाब असेल तरच रक्त वर कसं ढकललं जातं, तो ढिला पडला तर काय होतं. फार नीट सांगितलं तिनं. कुणालाही कळावं इतकं.

मास्तर त्या वेळी डोळे घट्ट मिटून मनातल्या मनात एक पॅन्ट कापत होते. कंबर, सीट, मांडी, शेवटी खालची मोहरी. पॅन्ट संपली की दुसरी. सुई पोटरीत टोचली तेव्हा चौथ्या पॅन्टीची मोहरी चालू होती आणि ती वाकडी कापली गेली, एवढंच त्यांना आठवतं.

"काका, ऐकताय ना?"

"हो हो."

"मग काय सांगितलं मी?"

"मोजा घालायचा."

"बरोबर," डॉक्टर म्हणाली. तिची चूक एवढीच.

मोजा घालणं हा घरातला रोजचा खेळ झाला. मास्तर खाटेवर पाय वर करून आडवे. समोर रबरी हातमोजे घातलेली बायको. पावडर मारायची, मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सारायचं आणि मग तळहातांनी तो एकेक बोट वर सरकवायचा.

"ओढू नका म्हणते ना! तुम्ही ओढलं की तो परत खाली येतो."

"अगं, घोट्याला फास बसलाय!"

"मग बसू दे. पळून तर जात नाही ना घोटा?"

"हा माणसानं शिवलाय की अजगरानं? आत बोट जात नाही."

"तुम्हाला बोट घालायचंय कशाला आत? पाय आहे ना आधीच!"

शेजारच्या घरात खिडक्या उघडायच्या. तिथली म्हातारी तर चहाचा कप घेऊनच उभी राहायची.

पण मास्तरांना मोज्याच्या घट्टपणापेक्षा दुसरंच काही खुपत होतं. दाराशेजारच्या खुर्चीत पाय स्टुलावर टाकून ते बसत, आल्यागेल्याला "या, बसा" म्हणत, आणि समोर जावई जिभेचं टोक बाहेर काढून त्यांच्या टेबलावर कापड कापत असे. बघवत नसे, म्हणून मास्तर मोज्याकडे बघत. आणि जितकं बघत तितका त्यांच्यातला कारागीर अस्वस्थ होई. घोट्याशी इतका तंग, आणि वर मांडीशी मोकळा! त्यांच्या हिशेबी हा पॅटर्नच उलटा होता. पायाचं हाड जिथं, तिथं कापडाला जरा जागा हवी. मोजेवाल्यानं माप बरोबर घेतलं होतं, पण ज्यानं विणलं तो शिकाऊ असणार. आणि असलं काम आपण अंगावर वागवायचं?

एका दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं, बायको आत पंख्याखाली लवंडली होती. मास्तरांनी मोजा काढला, टेबलावर पसरला, हात फिरवला. कितीतरी दिवसांनी कात्री हातात आली होती. घोट्यापासून पोटरीपर्यंत आतल्या अंगानं एक चीर दिली. चिंध्यांच्या पिशवीत बदामी रंगाचं ताणाचं कापड होतं, चिरेत भरून ढिलाई द्यायला त्याची निमुळती, नाजूक कळी कापली. बायकोच्या डब्यातून बदामी रेशमाची रीळ उचलली. आणि हाताला सुई धरायची सवय नसलेल्या या माणसानं ती कळी अशी बसवली, की उलटा करून बघितला तरी मोजा जन्मापासून तसाच वाटावा.

घालून पाहिला. सर्रकन गेला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी बायको हातमोजे घेऊन आली तेव्हा म्हणाले, "राहू दे. माझं मी घालतो."

आणि घातला. बायकोनं तोंडावर हात ठेवला. तिनं हे लेकीला सांगितलं, शेजारच्या म्हातारीला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. "स्वतःचा स्वतः घालतात हो आता! सूज किती उतरली असेल बघा!"

मास्तर कौतुक ऐकून घेत होते. रोज चालत होते, अगदी मनापासून. पोटरीत आतून काहीतरी कडक लागायला लागलं होतं, संध्याकाळी घोटा भरून यायचा. पण ते त्यांनी कानामागे टाकलं. तपासणीचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी डॉक्टर 'हो' म्हणाली की टेबल परत.

तपासणीला सगळेच गेले. डॉक्टरनं मोज्यावरून हात फिरवला, मोजा उतरवला आणि पोटरी दाबली. मास्तर "स्स" म्हणाले. तिनं मशीन फिरवलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वरची शीर छान मिटलीय. पण इथं खाली परत रक्त भरलंय, गाठ धरलीय. दाबच मिळालेला नाही." तिनं मोजा पुन्हा त्यांच्या पायात चढवला आणि घोट्याशी चिमटीत धरून ओढला. तो चांगला दोन बोटं सुटला. "हा तर इथं लोंबतोय! मोजा कुठून घेतला?"

"खालूनच, तुम्ही सांगितलात तिथून," लेक म्हणाली.

"सिस्टर, त्यांना जरा वर बोलवा."

मोजेवाले धापा टाकत जिना चढून आले. गळ्यात टेप तसाच.

"काय हो हे?" डॉक्टर खरंच चिडली होती. "घोट्याचं माप चुकलंय तुमचं. काकांचा पाय बिघडलाय त्यामुळे. पेशंट तुमच्याकडे पाठवायचे की नाही मी?"

मोजेवाल्यांनी मोजा हातात घेतला. चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला, आत हात घालून ताणला. कळी त्यांच्या बोटांखालून गेली आणि त्यांना कळली नाही.

"माप तर मी दोनदा घेतलं होतं..." ते पुटपुटले. मग आवाज खाली गेला. "पण माझंच चुकलं असेल, डॉक्टर. नजर पूर्वीसारखी राहिली नाही. मुलगा म्हणतच असतो, बंद करा आता म्हणून."

मास्तर तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून बसले होते. गप्प बसणं अगदी सोपं होतं. नवा मोजा मिळाला असता, पुन्हा एकदा इंजेक्शन झालं असतं, थोड्या दिवसांनी टेबल हातात. समोर लेक हाताची घडी घालून उभी होती. आणि मास्तरांच्या डोळ्यांपुढे मात्र ती पाटी लख्ख दिसत होती. स्वतःच्या हातानं रंगवलेली.

"माप बरोबर होतं त्यांचं," मास्तर म्हणाले.

"काका, तुम्ही कशाला त्यांची बाजू घेताय?"

"बाजू नाही घेत. मी हात लावला त्याला."

कुणाला काही कळेना.

"घट्ट होता, म्हणून मी ढिला केला. कळी घातली. आतल्या अंगानं."

डॉक्टरनं मोजा हिसकून घेतला. "कुठं आहे? मला तर काही दिसत नाही."

"नाहीच दिसणार," मास्तर म्हणाले. एवढ्या शरमेतही त्यांचा आवाज जरासा चढला. मग त्यांनी बोटानं जागा दाखवली.

"तरीच!" बायको ओरडली. "तरीच माझी बदामी रीळ! मी आपली जावयावर संशय घेत बसलेय!"

जावई दुखावल्या नजरेनं सासूकडे बघत राहिला.

"काका," डॉक्टर म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण तोंडाचा एक कोपरा ऐकत नव्हता. "तो दाब म्हणजेच औषध आहे. तुम्ही औषधच उसवून टाकलंत. मी सांगितलं होतं की सगळं, इंजेक्शनच्या वेळी!"

"तेव्हा मी पॅन्ट कापत होतो," मास्तर म्हणाले. आणि मग मोजेवाल्यांकडे वळून, "चुकलं हो माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

मोजेवाल्यांचं लक्षच नव्हतं. ते मोजा खिडकीशी उजेडात धरून उभे होते. "काय काम केलंय हो," ते हळूच म्हणाले. "पूर्ण चूक आहे. पण काय काम केलंय!"

घरी दाराशी आल्यावर मास्तरच म्हणाले, "टेबल ना? तू बोलली होतीस. माझ्या लक्षात आहे."

"बरं झालं लक्षात आहे," लेक म्हणाली आणि आत गेली.

पुन्हा इंजेक्शन झालं, साकळलेलं रक्त डॉक्टरनं बारीक सुईनं काढलं. या वेळी बायको आत उभी होती आणि ऐकलेलं सगळं मास्तरांकडून मोठ्यानं म्हणून घेत होती. नवा मोजा आला. आणि आता रोज सकाळी बायको तो आधी उलटा करते, खिडकीशी नेऊन उजेडात धरते, बोटांनी चाचपते आणि मगच पायात चढवते. मास्तर खाटेवर पाय वर करून, त्या कोटवाल्या गृहस्थासारखं तोंड करून पडलेले असतात.

चालणं मात्र मास्तरांनी दुकानातच सुरू केलं. "चालायला सांगितलंय. कुठं, ते सांगितलेलं नाही." जावई कापत असे आणि मास्तर टेबलाभोवती फेऱ्या घालत. मागे हात बांधून. तोंडातून शब्द नाही. फक्त खडूची रेघ वाकडी गेली की पावलं थबकत, एक उसासा येई, आणि पावलं पुन्हा चालू लागत.

थोडेच दिवस झाले आणि जावयानं कात्री लेकीपुढे आणून ठेवली.

"तुझ्या बाबांना टेबल देऊन टाक. मी दाराशी बसून 'या, बसा' म्हणतो. नाहीतर मलाच इंजेक्शन लागेल आता."

"कायमचं तुमचं आहे ते. माझा शब्द आहे."

"तुझा शब्द ठेव तुझ्याजवळ. टेबल माझं आहे ना? मग मी ते बाबांना वापरायला दिलं. झालं?"

लेकीनं आईकडे बघितलं. आई दातांत दोरा धरून हसत होती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरनं बराच वेळ मशीन फिरवलं आणि समाधानानं मान डोलावली. शीर मिटली होती. थोडा वेळ उभं राहायचं, मग चालायचं, मग पाय वर करून बसायचं, अशी परवानगी मिळाली. लेकीनं त्या दिवशी टेबलाला चिकटून एक उंच स्टूल आणून ठेवलं. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्या स्टुलालाच उठून जावंसं वाटलं असेल.

पहिलं माप मोजेवाल्यांचं होतं. दोन पॅन्टी शिवायच्या म्हणून स्वतःहून आले होते. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, कमरेला टेकवला. आवळला नाही, सोडला नाही.

"जरा ढिल्याच ठेवा," मोजेवाले म्हणाले. "माझी बायको म्हणते, फार घट्ट बसल्या तर ती घरी..." आणि पाटीवर नजर गेली तसे ते मध्येच थांबले.

"घरी काय?"

"काही नाही, काही नाही. तुम्ही ठेवाल तशा. आमच्या घरात कुणी हात लावणार नाही."

मास्तर हसले. खडू घेतला, कापड पसरलं, रंग उडालेल्या त्या दोन पावलांवर पाय ठेवून उभे राहिले आणि पहिली रेघ ओढली. सरळ, एका दमात. दुसरी ओढली. तिसरी ओढायला वाकले तोच खिडकीतून आवाज आला.

"अहो, बसा आता."

"एवढी मोहरी होऊ दे."

"मोहरी बसून पण होते."

मास्तरांनी मोजेवाल्यांकडे पाहिलं. मोजेवाल्यांनी छताकडे पाहिलं. मग मास्तरांनी स्टूल पायानं जरा ओढलं, ते किती हलतं ते बघितलं, पुटपुटले, "उंचीला कमी आहे, कापून घ्यायला हवं, म्हणजे जोडून घ्यायला हवं," आणि बसले.

दाराशी "या, बसा" म्हणायला उठलेला जावई तसाच उभा राहिला. कापायच्या टेबलाशी बसलेले मास्तर त्यानंही पहिल्यांदाच पाहिले होते.